आत्यांचा कागद कुठून सुरू करायचा?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले, आता चिंचवडला भाड्याच्या खोलीत राहतो. मिस्टर कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, मी दोन घरचा स्वयंपाक करते. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, तीन वर्षांपासून आमच्याकडे आहेत. त्यांचं सगळं आयुष्य ऊसतोडीत गेलं. सासरे कोल्हापूरकडे फडावरच वारले. पुढे एका वर्षी कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला, आग लागली आणि पेटीतले सगळे कागद जळाले, त्यात मतदान कार्डही गेलं.

आत्यांकडे आधार कार्ड नाही. कधी काढलं होतं का, हे त्यांना नीट आठवत नाही. एकदा गावच्या शाळेत डोळ्यांचे फोटो काढले होते म्हणतात. आम्ही केंद्रावर गेलो तर जन्मदाखला मागितला. गावी ग्रामपंचायतीत गेलो तर रहिवासी दाखल्यासाठी आधार कार्ड मागितलं. दुसऱ्या एका केंद्रावर बोटंच उठली नाहीत म्हणून परत पाठवलं. आता ओळखीतला एक एजंट साडेतीन हजारांत जन्मदाखल्यासकट सगळं करून देतो म्हणतो. वय पासष्टच्या वर दाखवू, म्हणजे निराधारचा पगार, एसटीचं अर्धं तिकीट, सगळं मिळेल असं त्याचं म्हणणं. मिस्टर म्हणतात, देऊन टाकू पैसे. आत्या म्हणतात, मला कशाला लागतोय आता कागद. मी काय करू?

– एक सून, चिंचवड

उत्तर

ताई, पहिलं उत्तर एजंटबद्दल, कारण तिथे वेळ थोडा आहे. त्याला पैसे देऊ नका. दिले असतील तर ते गेले असं समजा, पण आत्यांचा अंगठा आणि फोटो त्याच्या हाती देऊ नका.

जुन्या जन्माची नोंद आज करायची तर कायद्यात त्याचा रस्ता आहे. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशानेच होते, आणि त्याआधी चौकशी होते. आपल्या राज्यात अशा उशिराच्या दाखल्यांत गैरप्रकार झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२५ मध्ये ही पद्धत आणखी कडक झाली. दिलेले दाखले पुन्हा तपासले गेले, कित्येक रद्द झाले, गुन्हेही दाखल झाले. अशा काळात कोणी चार दिवसांत जन्मदाखला आणून देतो म्हणत असेल, तर तो कागद कसला असेल हे उघड आहे. तो पकडला गेला तर एजंट सापडणार नाही, सापडतील आत्या. आधार कायद्यात खोटी माहिती देऊन दुसरी व्यक्ती असल्याचं भासवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आयुष्यभर कुणाचं एक टिपरू न चोरलेल्या बाईला या वयात असल्या चौकशीला उभं करायचं नाही.

शिवाय त्याची लालूचही पोकळ आहे. एसटीत सगळ्याच महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यासाठी पासष्टी गाठावी लागत नाही. निराधारचं म्हणाल तर, पासष्टच्या आतल्या विधवा बाईसाठी संजय गांधी निराधार योजना आहे आणि पासष्टनंतर श्रावणबाळ योजना. दोन्हीत महिना १५०० रुपयेच मिळतात. खरी अडचण वयाची नाहीच, उत्पन्नाची आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावं लागतं, आणि मुलगा कमावता असून आई त्याच्याकडे राहत असेल तर तहसीलमध्ये नेमकं तिथेच बोट ठेवतात. वय वाढवून ही अडचण सुटत नाही. उलट लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा पासष्टपर्यंत आहे आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. तिथे नवे अर्ज घेतले जातील तेव्हा, खोट्या पासष्टीमुळे आत्या आपल्याच हाताने बाहेर पडतील. आणि आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. एकदा चुकीचं वय चिकटलं की ते आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर मागे लागतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही सुरुवात आत्यांच्या जन्मापासून करताय, म्हणून अडताय. त्यांच्या पिढीत, वाडीवस्तीवर घरीच बाळंतपण झालेल्या मुलीचा जन्म कुणी नोंदवलेला असणं हीच नवलाची गोष्ट. सुरुवात करायची ती आज त्यांना कोण ओळखतं आणि सरकारच्या कोणत्या वहीत त्यांचं नाव आधीच आहे, इथून.

आणि केंद्रावर तुम्हाला जे सांगितलं ते बरोबर नाही. जन्मदाखला सक्तीचा आहे तो १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी. त्याआधी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी दुसरे कागद चालतात, आणि कागदच नसेल तर फॉर्मवर अंदाजे वय लिहायची सोय आहे. तसं केलं की कार्डावर पूर्ण तारीख न येता फक्त जन्माचं वर्ष छापून येतं. २०१६ च्या आधार कायद्याचं पाचवं कलम तर अशाच लोकांसाठी लिहिलेलं आहे. स्त्रिया, मुलं, वृद्ध, अपंग, अकुशल आणि असंघटित कामगार, भटक्या जमाती, पक्कं घर नसलेले लोक, या सगळ्यांना आधार मिळावं म्हणून आधार देणाऱ्या प्राधिकरणाने विशेष उपाय करावेत असं त्यात म्हटलंय. आत्या त्या यादीत एकदा नाही, तीनदा बसतात. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं ते आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांच्या हातात निदान एक तरी पडावा, हे या योजनेचं पहिलं कारण होतं. ते खिडकीपर्यंत पोहोचेतो विसरलं जातं, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. शाळेत डोळ्यांचे फोटो काढले होते. गावोगावच्या शाळांमध्ये आधारची शिबिरं लागली तेव्हा डोळ्यांचे आणि बोटांचे ठसे घेत असत. म्हणजे आत्यांची नोंदणी तेव्हाच झालेली असण्याची दाट शक्यता आहे. कार्ड टपालाने गावी आलं असेल, तेव्हा त्या फडावर असतील, आणि ते कुणाच्या तरी कोनाड्यात पडून राहिलं असेल. हे आधी तपासा. कारण जुनी नोंद असताना तुम्ही नव्याने नोंदणी केलीत तर डोळ्यांचे ठसे जुळतात आणि नवा अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो. लोक मग वर्षानुवर्षं नवे नवे अर्ज भरत राहतात आणि प्रत्येक अर्ज का पडतोय हे त्यांना कळतच नाही.

शोधायचं कसं? आधार सेवा केंद्रावर आत्यांना घेऊन जा आणि सांगा, ‘नवीन काढायचं नाही, जुनं शोधायचंय.’ बोटं किंवा डोळे देऊन जुना क्रमांक शोधता येतो आणि थोड्या शुल्कात कागदावर छापून मिळतो. तिथे दाद लागली नाही तर १९४७ या क्रमांकावर फोन करा, मराठीतून बोलता येतं. नाव शोधताना एकच स्पेलिंग धरून बसू नका. नावापुढे ‘बाई’ लावून बघा, न लावता बघा, सासरच्या आडनावाने बघा, माहेरच्याही बघा. शिबिरातल्या मुलाने कानावर पडेल तसं टाइप केलेलं असतं. गावातल्या पोस्टमनलाही विचारा आणि त्या काळी ज्यांच्या घरी तुमचं टपाल ठेवत असत त्यांनाही.

जुनं सापडलं तर निम्मं पत्र इथेच संपलं. नाही सापडलं तर पुढे चला.

आत्या मतदान करायच्या, त्यांचं कार्ड जळालं. पण यादी जळालेली नाही. गावच्या मतदार यादीत त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, वय आणि कार्डाचा क्रमांक आजही असू शकतो. निवडणूक आयोगाच्या मतदार संकेतस्थळावर नाव टाकून शोधा, नाहीतर गावच्या बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा. बीएलओ बहुधा गावातल्या शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीताई असतात, आत्यांना चेहऱ्याने ओळखणारे. नाव असेल तर नमुना ८ भरून हरवलेल्या कार्डाच्या बदल्यात दुसरं कार्ड मागता येतं. मतदार ओळखपत्र आधारसाठी ओळखीचा पुरावा म्हणून चालतं आणि पत्त्याचाही. एकाच कागदात दोन कामं, म्हणून मी सगळ्यात आधी याच वाटेने जायला सांगते. यासाठी आधार असावंच लागतं असं नाही, त्यामुळे ‘आधी आधार आणा’ हे उत्तर इथे चालणार नाही.

एक काळजी घ्या. गावात नाव असताना चिंचवडला नमुना ६ भरून नवीन नाव घालू नका, ती दुबार नोंद होते. नाव यादीतून वगळलं गेलं असेल तरच नमुना ६ भरा. मतदार नोंदणीत तर घर नसलेल्या माणसासाठीही वाट ठेवली आहे. फुटपाथवर राहणाऱ्याला पत्त्याचा कागद लागत नाही. बीएलओने रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं, एवढ्यावर त्याचं नाव लागतं. म्हणून ‘कागद नाही म्हणजे नाव नाही’ हे कुणी सांगितलं तर लगेच मान खाली घालून परतू नका.

मतदार कार्डाचं काम चालू असतानाच गावी दुसरं एक काम करायचंय. ग्रामपंचायतीत तुम्ही रहिवासी दाखला मागितलात आणि त्यांनी त्यासाठीची कागदपत्रं मागितली. तुम्हाला हवा तो दाखला वेगळा आहे. आधार प्राधिकरणाचा स्वतःचा एक ठरलेला नमुना आहे, प्रमाणपत्राचा. तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतो, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या. त्यात आत्यांचं नाव, पत्ता, फोटो, आणि ‘मी या व्यक्तीला ओळखतो’ अशा अर्थाचा मजकूर असतो. पत्त्यासाठी सरपंच किंवा ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, यांचा हा दाखला चालतो. नगरसेवक, आमदार, तहसीलदार, वर्ग एकचे राजपत्रित अधिकारी यांनाही असा दाखला देता येतो. कुणाचा दाखला ओळखीसाठी धरतात आणि कुणाचा फक्त पत्त्यासाठी, हे प्राधिकरणाच्या कागदपत्रांच्या यादीत दिलेलं असतं. ती यादी मधूनमधून बदलते, म्हणून ताजी छापून सोबतच ठेवा.

या नमुन्यात लोक दोन ठिकाणी फसतात. फोटोवर सही आणि शिक्का असा आला पाहिजे की तो निम्मा फोटोवर आणि निम्मा कागदावर पडेल. आणि दाखला दिल्या तारखेपासून तीनच महिने चालतो. म्हणून तो आधी काढून ठेवायचा नाही. बाकीची तयारी झाली, केंद्राची वेळ घेतली, की मग सरपंचांकडे जायचं. जाताना मुलाने स्वतः जायला हवं. ताई, हे मी मुद्दाम लिहितेय. सरपंच तुमच्या मिस्टरांना लहानपणापासून ओळखत असतील, तुम्हाला ते सून म्हणून फार तर दोनदा भेटले असतील. पैसे देऊन मोकळं होणं सोपं वाटतं हे मला कळतं. कंपनीतला एक खाडा म्हणजे किती हे तुम्हा दोघांनाच माहीत. पण हा खाडा मुलानेच भरायचा आहे.

मुलाचा आणखी एक उपयोग आहे. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या आधारे नोंदणी होऊ शकते. ज्याचं आधार आहे असा जवळचा नातेवाईक सोबत येतो, स्वतःचं बोट देऊन खात्री करतो, आणि नातं दाखवणारा एक कागद जोडतो. तुमच्या रेशनकार्डावर आत्यांचं नाव आहे का? नसेल तर गावच्या जुन्या कार्डावर मिस्टर आणि आत्या दोघांची नावं असतील. ते कार्ड जळालं असलं तरी तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि रेशन दुकानदाराकडे नोंद राहते. मिस्टरांचा शाळा सोडल्याचा दाखलाही काढून आणा. तो आधारला चालेलच असं नाही, पण त्यावर आईचं नाव असेल तर तहसीलमध्ये समोरच्याचं मन वळवायला फार उपयोगी पडतो. शाळा बंद पडली असली तरी केंद्रशाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यावरून निर्गम उतारा मिळतो.

ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमालाही विसरू नका. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना मुकादम प्रत्येक कोयत्याचे, म्हणजे तोडीला येणाऱ्या जोडप्याचे, कागद, निदान झेरॉक्स, स्वतःकडे ठेवतो. आत्यांच्या जळालेल्या मतदान कार्डाची झेरॉक्स त्याच्या जुन्या पिशवीत असण्याची शक्यता आहे. जुनी बाकी काढून भांडण निघेल अशी भीती असेल तर गावातल्या कुणा वडीलधाऱ्याला मध्ये घाला. पण विचारा जरूर.

आता वयाचं. अंदाजे वय लिहायचं म्हणजे मनाला येईल ते लिहायचं नाही. मतदार यादीत जे वय आहे ते ढोबळमानाने बरोबर वाटत असेल तर तेच धरा, म्हणजे दोन कागद एकमेकांशी बोलतील. ते अगदीच चुकीचं वाटलं तर आत्यांशी निवांत बसा. ७२ च्या दुष्काळाचं विचारा. खडी फोडायला आईबरोबर गेल्या होत्या का, सुकडी आठवते का, मिलोच्या भाकरी आठवतात का? तेव्हा डोक्यावर पाटी घेण्याएवढ्या होत्या की धाकट्या भावंडाला सांभाळत झाडाखाली बसत होत्या? दहाच्या आसपास असतील तर जन्म साधारण ६२ सालचा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ९३ साली, मिस्टर किती वर्षांचे होते? दोन-तीन आठवणी एकमेकींवर घासून पाहिल्या की वर्ष हाती लागतं. ते वर्ष एका कागदावर लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर तेच घाला.

नावाचंही तसंच. माहेरचं नाव, सासरचं नाव, ‘बाई’सह, ‘बाई’विना, यापैकी मतदार यादीत जे असेल ते पक्कं करा. मधलं नाव तुमच्या सासऱ्यांचं. आधार केंद्रावर बसलेली मुलगी टाइप करून झाल्यावर स्क्रीन तुमच्याकडे वळवते, तेव्हा घाई न करता एकेक अक्षर वाचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही.

पत्ता कुठला द्यायचा? मी गावचा द्या म्हणेन. मतदार कार्ड गावचं, सरपंचांचा दाखला गावचा, तर आधारही आधी गावच्याच पत्त्यावर होऊ द्या. चिंचवडचा पत्ता पुढे मुलाच्या आधारवरून बदलता येतो. भाड्याच्या खोलीसाठी करारनामा मागत घरमालकाच्या मागे लागणं सध्या टाळा.

बोटांचं दुःख मला समजतं. चाळीस वर्षं कोयता धरलेल्या, पाचट उपसलेल्या हातांवरच्या रेषा कुठे राहणार? पण बोटं उठली नाहीत म्हणून परत पाठवणं चूकच. केरळमधल्या एका बोटं नसलेल्या महिलेचं प्रकरण पुढे आल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट सांगितलं की बोटांचे ठसे देता येत नसतील तर फक्त डोळ्यांवरून नोंदणी करायची, आणि दोन्ही शक्य नसेल तरी नोंदणी करायची. त्यासाठी केंद्रचालकाच्या यंत्रणेत अपवाद म्हणून नोंद करायची सोय असते. खाजगी दुकानवजा केंद्रावरचा मुलगा हे करायला कचरतो, त्याला आपली नोंद फेटाळली जाईल अशी धास्ती असते. म्हणून आत्यांना मोठ्या आधार सेवा केंद्रावर न्या. अठरा वर्षांवरच्या माणसाची पहिलीच नोंदणी तशीही सगळ्या केंद्रांवर होत नाही, आधी विचारून जा. आठ-दहा दिवस आधीपासून रात्री हातांना खोबरेल चोळा, जायच्या दिवशी मात्र हात कोरडे आणि स्वच्छ. मोतीबिंदू असेल तर तेही आधीच सांगा.

नवीन नोंदणीला एक पैसाही लागत नाही. कुणी मागितला तर पावती मागा. नोंदणी झाली की पोचपावती मिळते, त्यावर १४ आकडी क्रमांक आणि खाली तारीख-वेळ असते. ही पावती जपायची, तिचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि एक झेरॉक्स गावी ठेवायची. मोठ्या माणसाच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, त्यामुळे आठवड्यात कार्ड येणार नाही. काही महिने जातात, १८० दिवसांपर्यंतही. या काळात गावी तलाठ्याकडून किंवा तहसीलमधून कुणी चौकशीला आलं तर घाबरायचं नाही, शेजाऱ्यांना सांगून ठेवायचं. कार्ड येत नाही म्हणून दुसऱ्या केंद्रावर पुन्हा नोंदणी मात्र करू नका.

आणि कुठेही नकार मिळाला तर तो तोंडी घेऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, ‘अमुक कारणाने नोंदणी नाकारली’ एवढं लिहा, आवक करा, शिक्का आणि सही असलेली पोच घ्या. ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये, सगळीकडे हेच. स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा असं कुणी म्हणालं तर सांगा की राज्यात २०१५ पासून बहुतेक दाखल्यांसाठी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. अर्ज आवक झाला की बोलण्याचा सूर बदलतो. आधारच्या तक्रारीसाठी प्राधिकरणाचं विभागीय कार्यालय मुंबईत आहे, तिथे पोचेची प्रत जोडून लेखी पाठवता येतं.

सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विधवा म्हणून कुठल्याही योजनेला तो लागणारच, शिवाय गावातल्या घराच्या ग्रामपंचायतीतल्या नोंदीवर (तिलाही नमुना ८ च म्हणतात, पण तो मतदाराचा नव्हे) आत्यांचं नाव वारस म्हणून लावायलाही लागेल. मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथे होते, त्याच्या गावी नाही. म्हणून तो दाखला बीडला शोधू नका. ज्या गावच्या शिवारात फड होता तिथली ग्रामपंचायत, किंवा दवाखान्यात नेलं असेल तर त्या दवाखान्याच्या हद्दीतली नगरपालिका, तिथे विचारा. साल आणि महिना नक्की करा, गाळप हंगामाचा कुठला टप्पा होता हे आत्यांना आठवत असेल. हे काम आधारच्या कामाबरोबरच सुरू करा, ते जास्त वेळखाऊ निघू शकतं.

शेवटी आत्या म्हणतात त्याचं. ‘मला कशाला लागतोय आता कागद’ हे ऐकून तुम्ही गप्प झाला असाल. त्यांनी किती खिडक्यांवर हेच ऐकलं असेल, की तुमचं काही नाही, तुम्ही नंतर या. त्या थकल्या आहेत. त्यांच्यासमोर ‘आत्यांचं काय करायचं’ अशी चर्चा करू नका, त्यांनाच विचारा, त्यांनाच सांगा. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही, पण वय आधारवरूनच बघतात. बँकेत स्वतःच्या नावाचं खातं निघेल. गुडघे दुखले तर गोळ्यांसाठी मुलापुढे हात पसरावा लागणार नाही. हे त्यांना पटेल असं मला वाटतं.

आता करायचं ते असं. येत्या सुट्टीच्या दिवशी आत्यांना घेऊन जुनी नोंद शोधा. ती न सापडल्यास त्याच आठवड्यात बीएलओला फोन करा. मिस्टरांनी रजा काढून गावी जायचं ते मतदार कार्डाचा अर्ज झाल्यावर, एकाच फेरीत शाळा, पुरवठा शाखा, मुकादम उरकायचे, आणि सरपंचांची सही सगळ्यात शेवटी. प्रत्येक पोचेची झेरॉक्स एका पिशवीत घाला आणि ती पिशवी आत्यांकडेच द्या. केंद्रावर पुन्हा परत पाठवलं, तर त्यांनी लिहून दिलेलं कारण मला कळवा, त्यावर पुढचा अर्ज कसा करायचा ते मी याच सदरात सांगेन.